काड्यांच्या जुड्या: पहिली-दुसरीच्या वर्गात दशक-एकक कसे शिकवावे

सत्तावीस लिही म्हटले की एखादे मूल ७२ लिहिते. त्याच्या कानांचा दोष नसतो. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून तो आधी लिहिला जातो. शेजारचे मूल २०७ लिहिते. त्याने वीसही ऐकले, सातही ऐकले आणि दोन्ही प्रामाणिकपणे उतरवले. एक ते शंभर पाच वेळा लिहून काढल्याने यातली एकही चूक जात नाही. आधी हात, मग तोंड आणि शेवटी पेन्सिल, या क्रमाने आठ-दहा दिवस काड्यांवर काम केले तर जाते. खालची मांडणी २८ मुलांचा वर्ग आणि रोजची ३५ मिनिटे धरून दिली आहे.

सामान

दोघांत मिळून ५० काड्या लागतात. १४ जोड्यांना ७००, शिवाय मोडतील-हरवतील म्हणून शंभरेक जास्त ठेवाव्यात. आइस्क्रीमच्या काड्या सर्वांत सोयीच्या. खराट्याचे हीर १० सेंटिमीटरचे तुकडे करूनही चालतात, फक्त टोकदार शेंडा कापून टाकावा. तुराट्या फुकट मिळतात, पण त्यांची कुसळे बोटात जातात आणि जाडीही सारखी नसते. मग दहाचीच एक जुडी दुसरीच्या दुप्पट दिसते आणि मुले मोजणे सोडून जाडीवरून अंदाज बांधू लागतात. चिंचोके मोजायला छान असतात, पण ते बांधता येत नाहीत.

काड्या रंगवायच्याच असतील तर सगळ्या एकाच रंगात रंगवा. दशकाला लाल आणि एककाला हिरवी काडी दिली की ‘लाल म्हणजे दहा’ एवढेच पाठ होते. दहा सुट्ट्या मिळूनच एक दशक होतो, ही गोष्ट तिथेच हरवते.

रबरबँड हमखास घात करतात. ते तुटतात, उन्हाळ्यात चिकटतात आणि तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरून उडू लागतात. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणून तिच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या कापाव्यात. काड्यांवर चकतीचे दोन वेढे बसतात आणि वर्षभर काम भागते. प्रत्येक जोडीला ५ चकत्या द्याव्यात.

शेवटची वस्तू म्हणजे मांडणीचा कागद. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘जुड्या’ आणि उजवीकडे ‘सुट्ट्या’ लिहावे. दशक-एकक हे शब्द चार दिवसांनी आले तरी बिघडत नाही.

पहिले दोन दिवस: फक्त बांधायचे

तयार जुड्या वाटू नका. वेळ वाचतो म्हणून हा मोह होतो, पण सगळे शिकणे त्या बांधण्यातच आहे.

मुलांना समोरासमोर बसवू नका, शेजारी-शेजारी बसवा. समोर बसलेल्याला कागद उलटा दिसतो, म्हणजे एकाचे २३ दुसऱ्याला ३२ दिसतात आणि भांडण दोघांच्याही दृष्टीने खरे असते.

एकाने दोन्ही मुठी भरून काड्या उचलायच्या, दुसऱ्याने किती असतील ते सांगायचे, मग दोघांनी मोजायच्या. दहा झाल्या की लगेच चकती चढवायची. नियम एकच: उजव्या घरात दहा सुट्ट्या कधीही राहायच्या नाहीत. विचारायचेही एवढेच, ‘जुड्या किती? सुट्ट्या किती?’ संख्येचे नाव अजून नको.

हमखास होणारी चूक म्हणजे नऊ किंवा अकरा काड्यांची जुडी. ती शिक्षकाने न पकडता जोडीदाराने पकडावी. प्रत्येक जुडी दुसऱ्याने मोजल्याशिवाय कागदावर जात नाही, असे ठरवून टाका. अधूनमधून आपणच नऊची जुडी हळूच सरकवून ठेवावी. ती सापडल्यावर वर्गात जो कल्ला होतो, तो होऊ द्यावा.

काही मुले बांधलेली जुडी सोडून पुन्हा एक, दोन, तीन मोजतात. त्यांना अडवू नका. अजून दहावर त्यांचा विश्वास बसलेला नाही. ३४ काड्या एकाला जुड्यांत आणि दुसऱ्याला सगळ्या सुट्ट्या देऊन ‘आधी कोण सांगतो’ असे दोन-तीनदा खेळवले की सोडणे आपोआप थांबते.

तोंडाची पाळी

आता नावे. कागदावर दोन जुड्या आणि सात सुट्ट्या असतील तर बोट ठेवत आधी ‘वीस आणि सात’ म्हणायचे, मग ‘सत्तावीस’. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ ही वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावे लहान मुलांना जड जातात, हे वर्गात उभे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण बाजारात आणि घरात सत्तावीसच ऐकू येणार. म्हणून दोन्ही म्हणावे, मात्र ‘वीस आणि सात’ आधी, कारण काड्या डावीकडून तशाच मांडलेल्या असतात.

वेगळा तास द्यावा तो ‘एकोण’ला. एकोणतीस सांगितले की मुले ३९ लिहितात, कारण शब्दात ‘तीस’ स्पष्ट ऐकू येतो. इथे काड्या फार कामाला येतात. तीन जुड्या मांडायला लावा. मोठ्याने ‘तीस’ म्हणवून घ्या. मग सांगा, ‘यातली एकच काडी मला दे.’ मूल क्षणभर थांबते, कारण सुटी काडी एकही नाही. मग ते चकती काढते, एक काडी हातावर ठेवते आणि कागदाकडे पाहते. दोन जुड्या, नऊ सुट्ट्या. तीसला एक उणा, म्हणून एकोणतीस. हेच चाळीस आणि पन्नासवर करावे, दोन जोड्यांच्या काड्या एकत्र करून साठ ते नव्वदपर्यंत न्यावे. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. त्याला नऊच पुढे येतो, तेवढे सांगून टाकावे.

दोन जोड्या एकत्र आल्या की ५० आणि ५० मिळून दहा जुड्या होतात. मुलेच विचारतात, ‘बाई, दहा जुड्या झाल्या, आता यांना पण बांधायचं का?’ सुतळी तयार ठेवावी. शंभर असा आला पाहिजे.

मग लिहिणे

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची कार्डे कापावीत. १० ते ९० साठी १२ सेंटिमीटर रुंद, १ ते ९ साठी ६ सेंटिमीटर, उंची सारखीच. २० च्या कार्डावर उजव्या अर्ध्यात ७ चे कार्ड ठेवले की शून्य झाकले जाते आणि २७ दिसते. ७ उचलले की शून्य खाली तसेच असते. २०७ लिहिणाऱ्या मुलाला समजावत बसू नका, हे कार्ड चार वेळा उचलायला आणि ठेवायला लावा. अंक कार्डाच्या अर्ध्या भागाच्या मधोमध लिहायला हवा, नाहीतर शून्याची कड बाहेर डोकावते आणि सगळा खेळ फसतो.

चार जुड्या आणि सुटी एकही नाही, अशा वेळी बरीच मुले नुसते ४ लिहितात. रिकाम्या घरातही काहीतरी लिहावे लागते, हे दाखवायला तिथे ० चे कार्ड ठेवावे.

३६ आणि ६३ शेजारी मांडायला लावा. ‘छत्तीसचा आकडा’ तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसल्यामुळे म्हणतात, हे ऐकून मुले हसतात. त्या निमित्ताने तेच दोन अंक घर बदलल्यावर किती काड्या वाढल्या, हेही पाहून होते.

हातचा आणि वजाबाकी

२७ + १५ करताना सात आणि पाच सुट्ट्या मिळून बारा होतात. नियमाप्रमाणे दहा बांधाव्या लागतात. ती नवी जुडी मुलाला मुठीत धरायला लावा आणि मग डाव्या घरात ठेवायला सांगा. हातचा म्हणजे खरोखरच हातातला, हे कळले की वहीत डोक्यावर लिहिलेला बारीक १ कुठून आला ते विचारावे लागत नाही.

वजाबाकीत चूक बहुतेक शिकवणाऱ्याकडून होते. ४२ − १७ साठी कागदावर ४२ ही मांडतात आणि १७ ही. आता काढायच्या कशातून? फक्त ४२ मांडा, १७ त्यातूनच उचलायच्या. दोन सुट्ट्यांतून सात निघत नाहीत, म्हणून एक जुडी सोडून बारा करायच्या. सात उचलल्या की पाच राहतात, उरलेल्या तीन जुड्यांतली एक उचलली की दोन. उत्तर २५. जे मूल वहीत ३५ आणते, त्याने सातातून दोन वजा केलेले असतात. त्याला रागावण्याऐवजी पुन्हा काड्यांकडे पाठवा.

तास संपताना प्रत्येक जोडीने पाच भरलेल्या जुड्या खोक्यात ठेवून परत द्यायच्या. चार जुड्या आणि आठ सुट्ट्या आल्या तर दोन काड्या बाकाखाली आहेत, हे लांबूनही दिसते आणि शोधायचे काम ज्याचे त्याच्याकडेच राहते.