वॉर्डातल्या चुकीचा माग कसा काढावा

जळगाव-धुळ्याकडच्या वीस-तीस खाटांच्या दवाखान्यात चूक झाली की पुढचं ठरलेलं असतं: डॉक्टर सिस्टरला झापतात, मेमो निघतो, 'यापुढे काळजी घ्यावी' असा कागद भिंतीवर चिकटतो. ती सिस्टर कधी तरी नोकरी सोडून जाते आणि तीच चूक नव्या सिस्टरच्या हातून होते. इंजेक्शनचा ड्रॉवर तसाच राहिलेला असतो ना!

नेहमीची चूक घेऊ. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुतेक ४० युनिट प्रति मिलीची, तर इन्सुलिन टोचायच्या पेनचं कार्ट्रिज, म्हणजे आतली औषधाची नळी, १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. नातेवाइकांनी घरून पेन आणलं, पण त्याच्या सुया संपल्या. सिस्टरने कार्ट्रिजमधूनच लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. ते झालं अर्धा मिली, म्हणजे हव्या असलेल्या २० ऐवजी ५० युनिट. अडीचपट डोस.

आधी पेशंट. लगेच ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि डॉक्टरांना बोलवा. साखर ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर राहून नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) लागतं. एकदा साखर वर आली म्हणून पेशंटला सोडू नका, साध्या इन्सुलिनचा असरही कित्येक तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरते.

सिरिंज, कार्ट्रिज, सलाइनची बाटली कचऱ्यात टाकू नका. पिशवीत घालून वेळ लिहून ठेवा. केसपेपरवर खाडाखोड नको. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ, खाली सही आणि खरी वेळ. नातेवाइकांशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच बोलावं, त्याच दिवशी: काय झालं, आता काय करतोय, पुढे काय बघणार. मावशींकडून कळलं की भांडण ठरलेलंच.

दोन-तीन दिवसांत अर्ध्या तासाची बैठक घ्या. सिस्टर, फार्मसीवाला, डॉक्टर आणि रात्रपाळीचं एक माणूस. 'कोणी केलं' हा प्रश्न दाराबाहेर ठेवा. घड्याळाप्रमाणे घटनाक्रम मांडा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा, हे इथे घडणं सोपं का होतं? आपल्या उदाहरणात उत्तरं अशी निघतात: ऑर्डरवर नुसतं 'इन्सुलिन २०' होतं, कुपी की पेन ते नव्हतं. पेनच्या सुया स्टॉकमध्येच नव्हत्या. ड्रॉवरमध्ये फक्त लाल टोपणाच्या सिरिंज होत्या. ड्युटी बदलताना घरच्या पेनचा उल्लेख झाला नाही.

आता उपाय. 'सर्वांना ट्रेनिंग' हा सगळ्यात कच्चा उपाय. एकटा तो लिहून बैठक उठवू नका. पेनच्या सुयांचं इंडेंट (मागणीपत्र) घाला, कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणं बंद करा, वॉर्डात शक्यतो एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवा. ऑर्डरमध्ये 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. याच न्यायाने पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल वॉर्डाच्या ट्रॉलीतून काढून कुलुपात ठेवा. तो कधीच थेट शिरेत ढकलायचा नसतो, सलाइनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचा.

आणखी एक आपल्याकडची खोच. एकाच वॉर्डात दोन सुनंदा पाटील किंवा दोन पावरा आडनावाचे पेशंट सहज असतात. 'तुम्हीच सुनंदाबाई ना?' असं विचारलं की अर्धवट ऐकूनही 'हां' येतं. म्हणून नाव त्यांच्याकडूनच वदवून घ्या. अहिराणीत 'तुमनं नाव काय शे?' म्हटलं की म्हातारी बाईही नवऱ्याच्या नावासकट पूर्ण सांगते. ते मनगटाच्या पट्टीवरच्या नोंदणी क्रमांकाशी जुळवा. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा बदलतात.

थोडक्यात टळलेल्या चुकांसाठी वेगळी वही ठेवा: तारीख, वेळ, काय होणार होतं, कुठे अडलं. सही नको. महिनाभर वही कोरी राहिली तर लोक घाबरलेत असं समजा आणि पहिली नोंद मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या चुकीची करावी.

औषध बरोबर देऊनही त्रास झाला तर ती वेगळी बाब. त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध-दक्षता हेल्पलाइनवर करता येते.

महिन्याने रात्रपाळीत न सांगता जाऊन ड्रॉवर उघडा. पेनच्या सुया आहेत का, आणि शेवटच्या दहा ऑर्डरींत 'युनिट' पूर्ण लिहिलंय का, एवढंच मोजा. नसेल तर उपाय कागदावरच राहिला. बैठक पुन्हा लावा.