टोकन देण्याआधी जुनं घर कसं तपासायचं

घर बघायला जाताना आपण सगळे एकच चूक करतो, मालक बोलावेल त्या वेळेला जातो. म्हणजे सकाळी अकराला, ऊन छान पडलेलं, पडदे बाजूला केलेले, नुकतीच फरशी पुसलेली, आणि वीस मिनिटांत आपण मनात कपाट कुठे ठेवायचं ते ठरवून मोकळे. माझ्या बहिणीने असंच घर घेतलं, पहिल्या पावसात बेडरूमची भिंत ओली झाली आणि मग कळलं की तो ताजा रंग कशासाठी मारला होता. त्यानंतर नातेवाईकांपैकी कोणीही घर बघायला निघालं की मी सोबत जाते, आणि जे करते ते इथे क्रमाने लिहितेय.

पहिलं काम, तीनदा जा. एकदा दिवसा, एकदा रात्री नऊनंतर आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर. रात्री गाड्यांचा आवाज, वरच्यांचं फर्निचर सरकवणं, जिन्यातला अंधार, पार्किंगची खरी परिस्थिती सगळं समजतं. संध्याकाळी पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावा, दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत खोलीत गरमी सोडत राहते, त्यामुळे झोपायची खोली त्या बाजूला असेल तर आत्ताच विचार करा.

दुसरं म्हणजे ओल, आणि इथे घाई अजिबात नको. दार उघडल्या उघडल्या वास घ्या, कुबट वास रंगाने लपत नाही. आणि घरभर अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर दरवळत असेल तर खिडक्या उघडून तो सुगंध जाऊ द्या, मग त्या बंद करून पंधरा मिनिटं थांबा आणि परत वास घ्या. मग कपाटांच्या आत, बेडच्या मागे, सिंकखाली टॉर्च मारा. ओल कुठे आहे त्यावरून कारण कळतं. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण 1 मीटरपर्यंतच पोपडे असतील आणि पांढरी पावडर म्हणजे लोणा दिसत असेल तर ओल जमिनीतून वर चढतेय. छतावर पिवळट तपकिरी कडेचा डाग असेल तर वरच्या बाथरूमचा पाइप किंवा गच्ची. आणि बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू कुठल्या खोलीत येते ते शोधून तिथे नक्की बघा, ही जागा लोक हमखास विसरतात. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत नवीकोरी असेल तर सरळ विचारा, ही का रंगवली? उत्तर देताना माणूस अडखळला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आता भेगा. प्रत्येक भेगेला घाबरू नका. केसासारख्या बारीक, 1 मिलिमीटरच्या आतल्या भेगा बहुतेक वेळा प्लास्टर वाळताना पडतात. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटते तिथे सरळ रेष दिसते, ती दोन वेगळी मटेरियल वेगवेगळी प्रसरण पावतात म्हणून, तीही बहुतेक वेळा साधीच. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, विटांच्या सांध्यातून पायऱ्यांसारखी गेलेली भेग, किंवा 5 मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली तर पाया खचत असू शकतो, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पैसासुद्धा देऊ नका.

त्याहून वाईट म्हणजे कॉलम किंवा बीमच्या लांबीला समांतर जाणारी भेग आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच 12-13 च्या आसपास, आणि त्यामुळेच आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो, पीएच 9 च्या आसपास किंवा खाली येतो आणि ते संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सळई आतून काँक्रीटला ढकलते आणि वरचा थर सुटून पडतो. समुद्राजवळ खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. वरून सिमेंट थापून हा रोग बरा होत नाही, गंजलेली सळई उघडी करून साफ करावी लागते, आणि हा खर्च एका घराचा नाही तर अख्ख्या बिल्डिंगचा असतो. म्हणून फ्लॅट बघताना पार्किंगमधले कॉलम आणि गच्ची बघितल्याशिवाय परतूच नका, मालक नको म्हणाला तरी.

फरशीवर नाणं ठोकत चाला, बद्द आवाज आला की टाइलखाली पोकळी आहे. बाथरूममध्ये एक मग पाणी ओता, ते जाळीकडे गेलं पाहिजे, कोपऱ्यात साचलं तर उतार चुकलाय आणि उतार नीट करायचा म्हणजे सगळी फरशी फोडायची. नळ एकेक करून नाही, दोन-तीन एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा, प्रेशर तेव्हा कळतं.

लाकडी चौकटींवर मातीच्या बारीक रेघा म्हणजे वाळवी, खाली पिठासारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारा किडा.

वायरिंगसाठी मात्र इलेक्ट्रिशियन न्या, स्वतः बोर्ड उघडू नका. तुम्ही एवढं बघा, मेन बोर्डात करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच आहे का (माणसांच्या सुरक्षेसाठी तो 30 मिलिअँपिअरचा असतो), त्यावर टेस्टचं बटण असतं, मालकाला विचारून ते दाबा, लगेच ट्रिप झाला पाहिजे. कुठला स्विच गरम लागतोय किंवा जळका वास येतोय का तेही बघा. घरात लहान मुलं असतील तर हे माझ्या मते रंग आणि टाइल्सपेक्षा शंभर पट महत्त्वाचं आहे.

टेप घेऊन प्रत्येक खोली आतून मोजा. 1 चौरस मीटर म्हणजे साधारण 10.76 चौरस फूट, आणि जाहिरातीतल्या आकड्यात भिंती, जिना, बाल्कनी धरलीय का ते विचारा, कारण भाव तुम्ही त्या आकड्यावर देताय आणि राहणार आहात आतल्या जागेत.

कागदांसाठी तुमचा स्वतःचा वकील लावा, विकणाऱ्याचा किंवा एजंटने सुचवलेला नको. मालकी कोणाच्या नावावर, घरावर कर्ज आहे का, वारस किती आणि सगळे सही करणार का, थकबाकी किती, हे लेखी आल्यावरच टोकन, आणि टोकनच्या कागदावर कागदपत्रांत दोष निघाला तर पैसे परत असं स्पष्ट लिहून घ्या. दुरुस्त्या सापडल्या तर मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लिहून आणा आणि भाव करताना तो कागद समोर ठेवा, नुसतं 'काहीतरी कमी करा' म्हणून कोणी कमी करत नाही.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही हीच तपासणी आधी स्वतः करा. गळती काढा आणि मगच रंग मारा, बिलं जपून ठेवा, आणि जे दुरुस्त केलं नाही ते पहिल्या भेटीत सांगा. लपवलेली ओल सौदा ठरल्यावर सापडली की खरेदीदार बाकीच्या सगळ्या गोष्टींवरही संशय घेतो आणि चांगला चाललेला व्यवहार मोडतो.

ताबा घ्यायच्या दिवशी घर रिकामं झाल्यावर परत एकदा फिरा, कारण सोफ्यामागची भिंत तुम्ही आत्ता पहिल्यांदा बघताय. वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो दोघांनी समोरासमोर काढा, सगळ्या किल्ल्या मोजून घ्या आणि त्याच आठवड्यात मुख्य दाराचं कुलूप बदला.