भूगर्भातील प्रवाहाचा अभ्यास: संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी काही अनुभव

मी बडोद्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो आणि माझे संशोधन सच्छिद्र माध्यमांतील प्रवाहावर, म्हणजे वाळू, गाळ आणि भेगाळलेल्या खडकातून पाणी कसे सरकते या प्रश्नावर आहे. या विषयात पीएचडी करावी का, असे विचारायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की समीकरणे शिकायला फार काळ लागत नाही. त्यांत घालायचा पारगम्यतेचा, म्हणजे माध्यम पाण्याला किती सहज वाट देते याचा, आकडा कोठून आणि कोणत्या मोजमापातून आला, हे पारखण्यातच बहुतेक वर्षे जातात.

आँरी डार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून पाहिले आणि 1856 मध्ये आपला नियम प्रसिद्ध केला. प्रवाहाचा वेग हा दाबपातळीतील उताराच्या प्रमाणात असतो, आणि त्या प्रमाणाचा गुणक म्हणजे माध्यमाची वाहकता. सच्छिद्रता, म्हणजे पोकळीचे प्रमाण, आणि पारगम्यता यांची गल्लत मात्र येथेच होते. चिकणमातीत पोकळी भरपूर असते, अनेकदा वाळूपेक्षाही जास्त, पण तिची छिद्रे इतकी बारीक असतात की पाणी त्यांतून जवळजवळ पुढे जातच नाही.

आपल्या परिसरातील गाळाच्या जमिनीत वाळू आणि माती यांचे थर एकाआड एक येतात, म्हणून पुढील हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. समान जाडीचे दोन थर घ्या: वाळूची वाहकता दिवसाला 10 मीटर, मातीची 0.01 मीटर. थरांना समांतर, आडव्या दिशेने वाहणाऱ्या पाण्यासाठी एकत्रित वाहकता सुमारे 5 मीटर येते. थर ओलांडून उभ्या दिशेने जाणाऱ्या पाण्यासाठी ती केवळ 0.02 मीटर. जमीन तीच, पण दिशा बदलताच अडीचशे पटींचा फरक पडतो. प्रयोगशाळेत तपासलेल्या हातभर नमुन्याचा आकडा संपूर्ण जलधारक थराला लावणे किती धोक्याचे आहे, हे यावरून उमगते. त्यासाठी पंपिंग चाचणी घ्यावी लागते, म्हणजे विहिरीतून पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजावे लागते, आणि तिच्या विश्लेषणासाठी 1935 मधील थाइस यांची पद्धत वापरताना थर एकजिनसी व अमर्याद पसरलेला आहे हे तिचे गृहीतक आपल्या जागी कितपत लागू पडते, हेही तपासावे लागते. पावागडच्या बाजूला, जेथे पाणी ज्वालामुखी खडकाच्या भेगांतून आणि झिजलेल्या पट्ट्यांतून वाहते, तेथे हे गृहीतक फार काळजीने हाताळावे.

मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरी नवशिक्याने अवश्य समजून घ्याव्यात, कारण बडोद्याला त्यांतून पाणी मिळते. मधल्या मोठ्या विहिरीपासून नदीतळाच्या वाळूत चहूकडे आडव्या सच्छिद्र नळ्या पसरलेल्या असतात आणि पाणी वाळूतून गाळले जाऊन त्यांत उतरते. नळीजवळ प्रवाह एकवटतो आणि वेग वाढतो. कणांच्या व्यासावरून काढलेला रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांच्या परिणामांचे गुणोत्तर, 1 ते 10 च्या पलीकडे गेला की डार्सीचा नियम अपुरा पडू लागतो; तेव्हा फॉर्शहाइमर यांनी 1901 मध्ये सुचवल्याप्रमाणे वेगाच्या वर्गाचे पद जोडावे लागते. शिवाय बारीक गाळ छिद्रांत साचून पारगम्यता घटते. माझ्या मते या एका रचनेत चांगल्या प्रबंधाला पुरतील इतके प्रश्न आहेत.

रसायन किंवा पेट्रोलियम अभियांत्रिकीतून येणाऱ्यांनाही येथे जागा आहे. तेलाच्या साठ्यातही डार्सीचाच नियम वापरतात. फक्त तेल आणि पाणी एकत्र वाहत असल्याने प्रत्येकाची सापेक्ष पारगम्यता, म्हणजे दुसरा द्रव सोबत असताना त्याला मिळणारी वाट, वेगळी धरावी लागते. संगणकीय प्रतिरूपासाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे मॉडफ्लो हे भूजलप्रवाहाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. मात्र ते हाती घेण्यापूर्वी एकमितीय प्रवाहाचा प्रश्न कागदावर सोडवून स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहावा, म्हणजे सीमाअटी (प्रदेशाच्या कडांवर धरलेली पाणीपातळी किंवा प्रवाह) चुकल्या तर उत्तर पाहताक्षणी शंका येते.

मराठी घरांतील मुलांनी गुजराती नीट बोलायला शिकावे, कारण कोणत्या खोलीवर वाळू लागली आणि पाणी कोणत्या महिन्यात खाली जाते, हे शेतकरी आणि बोअरवेल खोदणारे गुजरातीतच तपशिलाने सांगतात. प्रवेश घेण्यापूर्वी गाईडना विचारावे की विहिरींच्या पाणीपातळ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी आणि चाचणीसाठी विहीर उपलब्ध होईल का. उत्तर नाही असे आले, तर विषय प्रयोगशाळेतील वाळूच्या स्तंभापुरता आखून घ्यावा.