दोन एएस/४०० मशीनांमधल्या विनंत्यांवर बंधन घालताय? या चुका टाळा

पणजीला हेड ऑफिस, वेर्ण्याला कारखाना, दोन्हीकडे एएस/४०० (आयबीएमचं व्यावसायिक कामाचं मशीन, आता नाव आयबीएम आय) आणि मधे लीज्ड लाइन. दोन्ही मशीनं आपलीच, मग येणारी विनंती कशाला अडवायची, असं बहुतेक ठिकाणी धरून चालतात. पण विनंती करतो तो पलीकडचा युजर. कारखान्यातला एक पासवर्ड फुटला, तर पणजीची पगाराची फाइलही धोक्यात येते.

सगळ्यात घातक चूक डीडीएमच्या (एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरण्याची सोय) टीसीपी/आयपी सेटिंगमध्ये असते. तिथे ‘फक्त युजर आयडी’ ठेवलं असेल, तर पासवर्ड विचारलाच जात नाही. नाव माहीत असलेला कोणीही ४४६ पोर्टवरून आत येतो. आजच पासवर्ड सक्तीचा करा. त्यानंतर रात्रीचे जॉब (आपोआप चालणारी कामं) पडू लागले म्हणून सेटिंग मागे मात्र घेऊ नका. विनंती पाठवणाऱ्या मशीनवर दोन गोष्टी बघा. क्यूरेटएसव्हीआरसेक ही सिस्टिम व्हॅल्यू १ आहे ना? ती ० असेल तर सर्व्हर ऑथेंटिकेशन एंट्रीत, म्हणजे पलीकडच्या मशीनवर जाताना वापरायच्या युजर-पासवर्डच्या नोंदीत, पासवर्ड साठतच नाही. आणि त्या एंट्रीत सर्व्हरचं नाव कॅपिटल अक्षरांत दिलंय ना? जॉब बहुधा इथेच अडकलेला सापडतो.

दुसरी चूक डीडीएमएसीसी या, बाहेरून आलेल्या डीडीएम विनंत्या घ्यायच्या की नाही हे ठरवणाऱ्या, नेटवर्क अ‍ॅट्रिब्यूटची. ते थेट ‘रिजेक्ट’ केलं की डीडीएमबरोबर डीआरडीएही (दुसऱ्या मशीनच्या डेटाबेसवर एसक्यूएल चालवण्याची सोय) बंद होतं आणि हेड ऑफिसचे रिपोर्ट थांबतात. त्यापेक्षा तिथे एक्झिट प्रोग्रॅम, म्हणजे आलेली विनंती तपासणारा आपला प्रोग्रॅम, लावा. परवानगीला तो १ परत करतो, नकाराला ०. सुरुवात ० पासून करा आणि गरजेपुरतंच १ द्या. दूरवरून कमांड चालवण्याची विनंती तर यादीतल्या जॉब-युजरांखेरीज कोणालाही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एसक्यूएलच्या बाबतीत या प्रोग्रॅमला फक्त कनेक्शन दिसतं, पुढची स्टेटमेंट दिसत नाहीत. म्हणून ऑब्जेक्ट ऑथॉरिटी (कोणती फाइल कोणाला वापरता येईल याचे हक्क) नीट लावल्याशिवाय गत्यंतर नाही. फाइलवर ‘पब्लिक’ला, म्हणजे वेगळे हक्क न दिलेल्या सगळ्याच युजरांना, पूर्ण हक्क असतील, तर एक्झिट प्रोग्रॅमचा उपयोग तोकडाच.

बदल करूनही फरक दिसत नाही? आधीपासून चालू असलेले डीडीएम जॉब जुनीच व्हॅल्यू धरून असतात. ते संपवून नव्याने सुरू करा.

एफटीपी (फाइली पाठवण्याची सोय) आणि ओडीबीसी (पीसीवरच्या प्रोग्रॅममधून डेटाबेस वापरण्याची सोय) हे वेगळे दरवाजे आहेत, डीडीएमएसीसी त्यांना हात लावत नाही. त्यांच्या एक्झिट पॉइंटवर (जिथे असा तपासणारा प्रोग्रॅम जोडता येतो ती जागा) एक्झिट प्रोग्रॅम स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात.

आयपी फिल्टर (ठरावीक पत्त्यांवरूनच आत येऊ देणारा) लावला असेल तर बॅकअप लाइनचा पत्ताही त्यात घाला. पावसाळ्यात मुख्य लाइन गेली की ट्रॅफिक तिकडून येतं, आणि खरं मशीनच परकं ठरतं. हे बदल चवथीच्या सुटीच्या तोंडावर करू नका. पहिल्या रात्री ऑडिट जर्नलमधल्या नकाराच्या नोंदी वाचायला माणूस जागेवर हवा.