रेल्स 7.0 वर जाताना 'एक्सक्लूडिंग' स्कोप अडला: माझा अनुभव

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या ऑफिसात रेल्स (रुबी भाषेतलं वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) 6.1 वरून 7.0 वर जात होतो. ॲप सुरूच होईना. आर्ग्युमेंट एरर: 'एक्सक्लूडिंग' नावाची मेथड रिलेशनमध्ये (रेल्सचा डेटाबेस क्वेरी सांभाळणारा क्लास) आधीच आहे. आमच्याच ओपन सोर्स जेममध्ये (रुबीचं पॅकेज) त्या नावाचा स्कोप, म्हणजे नाव दिलेली तयार क्वेरी, होता.

कॅश पुसली, बंडल पुन्हा केलं (सगळे जेम परत बसवले), जेमची जुनी आवृत्ती लावली. दोन दिवस वाया गेले, फार चीड आली.

शेवटी कन्सोलमध्ये त्या मेथडचं सोर्स लोकेशन, म्हणजे ती कुठल्या फाइलमध्ये लिहिली आहे ते, पाहिलं. फाइल रेल्सचीच निघाली, हे नाव 7.0 मध्येच आलंय. आपला स्कोप काढून रेल्सचा वापरणंही शक्य नव्हतं, कारण आमचा स्कोप आयडी घेतो, त्यांची मेथड अख्खे रेकॉर्ड.

मग याच क्रमाने केलं. आधी 6.1 वरच स्कोपला 'विदाउट_बिल_आयडीज' हे नेमकं नाव दिलं. जुनं नाव डेप्रिकेशन वॉर्निंगसह ('हे पुढे काढलं जाईल' अशी सूचना) ठेवलं, पण रिलेशनमध्ये ते आधीपासून नसेल तरच. जेमची मायनर आवृत्ती (जुना कोड न मोडणारी) काढली. ॲपमध्ये ती घेऊन सगळ्या वॉर्निंग संपवल्या. त्यानंतरच रेल्स 7.0. जुनं नाव काढणारी मेजर आवृत्ती सगळ्यांत शेवटी, चेंजलॉगमध्ये (बदलांची नोंद) दोन्ही नावं लिहून.

हा क्रम उलटवू नका. जुनं नाव आधी काढलं तर जेम वापरणाऱ्या इतरांची ॲप्स मोडतात.