वायफाय कार्ड आहे, पण नेटवर्क नाही: लिनक्समध्ये ड्रायव्हर कुठे अडला ते कसे शोधावे

लॅपटॉपवर नव्याने लिनक्स टाकल्यावर वायफायचे चिन्हच दिसत नसेल, तर सापडेल तो ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणून बसवण्याची घाई करू नये. तसेही वायफायच बंद असल्याने तो आणायला कुणाचा तरी फोन मागावा लागतो. हार्डवेअर ओळखण्यापासून ड्रायव्हर कामाला लागेपर्यंत कर्नल (लिनक्सचा गाभा) ठरलेल्या क्रमाने जातो आणि तो कोणत्या पायरीवर अडला हे दोन-तीन कमांडमध्ये कळते. उदाहरणादाखल इंटेलचे एएक्स२०० हे पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेऊ.

आधी कार्ड कर्नलला दिसते का ते पाहावे. संगणक सुरू होताना कर्नल पीसीआय बसवरील (कार्डे जोडण्याच्या मार्गावरील) एकेक जागा चाचपतो आणि तिथून निर्मात्याचा क्रमांक वाचतो. उत्तरात एफएफएफएफ आले, तर ती जागा रिकामी समजून तो पुढे सरकतो. एलएसपीसीआय ही कमांड -एनएनके या पर्यायासह चालवली, की कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात ८०८६:२७२३ अशी जोडी दिसते. पहिला क्रमांक इंटेलचा (१९७८ सालच्या त्यांच्या प्रोसेसरचे नावही हेच, आणि हा योगायोग नसावा), तर दुसरा कार्डाच्या मॉडेलचा. ही ओळच आली नाही, तर ड्रायव्हरचा विषय बाजूला ठेवून कार्ड स्लॉटमध्ये नीट बसले आहे का आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद तर केलेले नाही ना, हे तपासावे.

ओळ आली, पण तिच्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव नसेल, तर पुढची पायरी समजून घ्यावी लागते. कार्ड सापडताच कर्नल त्याची ओळख एका लांबलचक मजकुरात मांडतो: 'व्ही' या अक्षरानंतर निर्मात्याचा क्रमांक, 'डी' नंतर उपकरणाचा, आणि पुढे त्याचा वर्ग वगैरे. याला मोडएलियास म्हणतात. कर्नल ही खबर युडेव्हकडे (नव्या उपकरणांची दखल घेणाऱ्या प्रोग्रामकडे) धाडतो आणि त्यानंतर मोड्यूल्स डॉट एलियास या फाइलमधील नमुन्यांशी तो मजकूर ताडून जुळणारे मोड्यूल (कर्नलमध्ये भरता येणारा ड्रायव्हरचा भाग) चढवले जाते. आपल्या कार्डासाठी ते आयडब्ल्यूएलवायफाय. म्हणजे कर्नल ड्रायव्हर नावाने शोधत नाही, क्रमांकाने शोधतो. मोडइन्फो आयडब्ल्यूएलवायफाय ही कमांड दिल्यावर येणाऱ्या यादीत २७२३ नसेल, तर कर्नल जुना आहे: या कार्डाला ५.१ किंवा त्यापुढचा कर्नल लागतो. क्रमांक यादीत असूनही मोड्यूल चढत नसेल, तर इटीसीमधील मोडप्रोब डॉट डी या फोल्डरात कुणी ते ब्लॅकलिस्ट केले (चढवू नये अशा यादीत घातले) आहे का ते पाहावे.

बहुतेक वेळा मात्र गाडी याच्याही पुढे अडते. मोड्यूल चढलेले असते, कार्ड त्याच्या ताब्यातही गेलेले असते, परंतु कार्डात भरायचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) डिस्कवर नसते. सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) डीमेसेज ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवून त्यात आयडब्ल्यूएलवायफाय शोधावे. फर्मवेअर मिळाले नाही असे सांगणारी आणि 'एरर -२' असलेली ओळ दिसली, तर फाइलच सापडलेली नाही, कारण उणे दोनचा अर्थ तोच. डेबियनमध्ये फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय हे पॅकेज बसवावे. २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच अशी फर्मवेअर येऊ लागल्याने हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. पॅकेज बसवल्यावर संगणक पुन्हा सुरू करणे सर्वांत सोपे. मोड्यूल हातानेच काढायचे असेल, तर थेट आयडब्ल्यूएलवायफाय काढता येत नाही, कारण आयडब्ल्यूएलएमव्हीएम हे दुसरे मोड्यूल त्यावर उभे असते. म्हणून मोडप्रोब -आर वापरून आधी तेच काढावे.

यूएसबी डोंगल असेल, तर एलएसपीसीआयऐवजी एलएसयूएसबी वापरावी. बाकीची वाट तीच. आयपी लिंक या कमांडच्या उत्तरात डब्ल्यूएल अक्षरांनी सुरू होणारे नाव आले, की ड्रायव्हर आपले काम करतो आहे. तरीही नेटवर्क दिसत नसेल, तर वायरलेस बंद केले आहे का हे दाखवणारी आरएफकिल लिस्ट चालवून पाहावी: तिथे हार्ड ब्लॉकपुढे 'येस' असल्यास लॅपटॉपच्या कडेचे वायफायचे बटण बंद असण्याची शक्यता सर्वाधिक असते.