धावत कामाला जायचे असेल, तर कपडे आधी पोहोचवा
गाडी घरी ठेवून कामाला धावत जाण्याचा बेत बहुधा पायांमुळे नव्हे, तर पाठीवरच्या ओझ्यामुळे मोडतो. म्हणून सोमवारी नेहमीच्या वाहनाने जाऊन आठवड्याचे इस्त्रीचे कपडे, बूट, टॉवेल आणि साबण कार्यालयातील कपाटात ठेवावेत व शुक्रवारी मळके कपडे तसेच परत आणावेत. मग धावताना पाठीवर मोबाइल, चाव्या आणि डबा एवढेच उरते (डब्यात पोळी-भाजी असावी, आमटी मुळीच नको). पिशवीला छातीवर आणि कंबरेवर असे दोन्ही पट्टे हवेत, नाहीतर ती हिंदकळून खांदे सोलते.

सुरुवात एकाच दिशेने करावी. पुण्यात वनाज ते गरवारे महाविद्यालय हे अंतर मेट्रोने सुमारे ५ किलोमीटर आहे. सकाळी मेट्रोने जावे आणि संध्याकाळी तेवढेच धावत घरी यावे, म्हणजे कार्यालयात अंघोळीची सोय नसली तरी अडत नाही. पदपथ संपून रस्त्यावर उतरावे लागल्यास, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने उजव्या कडेने धावावे आणि अंधार पडल्यावर अंगावर प्रकाशात चमकणारी पट्टी असावी.